ट्रॅक्टर दर वेळी १९० फुटांवरच का थांबतो? जुन्या ट्रॅक्टरच्या ओढस्पर्धेत नवख्याला हमखास येणारी अडचण

अडचण अशी : ट्रॅक्टर झकास सुरू होतो, साखळी ताणली जाते, पहिले शंभर फूट काहीच वाटत नाही. मग आवाज जड होतो आणि १९०-२०० फुटांच्या आसपास सगळं थांबतं. पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात जा, तिथेही तेच. माझा पहिला सबंध उन्हाळा यात गेला. ज्यांनी नुकताच जुना ट्रॅक्टर घेऊन ओढायला सुरुवात केली आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचं गाऱ्हाणं हेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पुण्याहून कामानिमित्त अमेरिकेत इलिनॉय-आयोवाच्या सीमेवर, मिसिसिपी नदीकाठच्या मोलीन भागात आलो. शेतीच्या यंत्रांत काम करणारी मराठी मंडळी इथे बरीच आहेत. उन्हाळ्यात आसपासच्या प्रत्येक काउंटीची जत्रा भरते आणि जत्रेत ट्रॅक्टरची ओढ असतेच : वजनाची गाडी कोण किती फूट ओढतो याची स्पर्धा. धूर ओकणारे हजारो अश्वशक्तीचे ट्रॅक्टर सगळ्यांनी चित्रफितींत पाहिलेले असतात. मी बोलतोय ते वेगळ्या गटाबद्दल : आजोबांच्या काळचे, बऱ्याच ठिकाणी १९५७ किंवा १९६० पर्यंत बनलेले ट्रॅक्टर. फार्मॉल एच आणि एम, जॉन डिअर ए आणि बी, ऑलिव्हर ८८, अ‍ॅलिस-चामर्स डब्ल्यूडी-४५. नियम प्रत्येक क्लबचे थोडे वेगळे असतात, तेव्हा आकडे तुमच्या क्लबच्या नियमपत्रकात एकदा पाहून घ्या. माझा ट्रॅक्टर १९४७ चा फार्मॉल एच, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून घेतलेला.

ज्यांनी स्लेड, म्हणजे ट्रॅक्टरमागे साखळीने जोडलेली ही वजनाची गाडी, पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी घोडे नि ट्रॅक्टर साधी घसरगाडी ओढायचे आणि ती पुढे सरकेल तशी वाटेवर उभी असलेली माणसं तिच्यावर चढत जायची. आताच्या स्लेडला मागे चाकं आणि पुढे सपाट लोखंडी तळ असतो. सुरुवातीला वजनाची पेटी मागे चाकांवर असते. स्लेड पुढे जाईल तशी चाकांना जोडलेली साखळी ती पेटी पुढे, लोखंडी तळावर ओढत आणते. तळ मातीत दाबला जातो, घर्षण वाढतं. म्हणजे पन्नासाव्या फुटाला जे ओढतोय त्याच्या कितीतरी पट दोनशेव्या फुटाला ओढावं लागतं. पूर्ण ओढ म्हणजे ३०० फूट. सगळे ट्रॅक्टर साधारण ठरावीक पट्ट्यातच थांबतात, ते यामुळे. त्यामुळे 'त्याच जागी थांबतो, म्हणजे त्याच कारणाने थांबतो' असा निष्कर्ष आपण काढतो. माझी चूक नेमकी इथे झाली. माझा ट्रॅक्टर पाच आठवडे एकाच जागी थांबत होता आणि त्या पाच आठवड्यांत कारणं तीन वेगवेगळी होती.

आधी काय थांबलं?

हा प्रश्न मला एका सत्तरीच्या शेतकऱ्याने विचारला. मी त्याला कार्ब्युरेटरबद्दल विचारत होतो. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणाला, "आधी काय थांबलं? चाक फिरत राहिलं आणि ट्रॅक्टर थांबला, की इंजिन दबून बंद पडलं, की तू स्वतः थ्रॉटल (वेगाचा दांडा) सोडलास?" मला सांगता आलं नाही. सीटवर बसलेल्या माणसाला ते कळत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. आवाज, धूळ, झेंडा, सगळं पाऊण मिनिटाच्या आत उरकतं.

म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही. कुणाला तरी बाजूला, दीडशे ते दोनशे फुटांच्या खुणेसमोर मोबाइल घेऊन उभं करा. चित्रात मागचं चाक, पुढचं चाक आणि ड्रॉबार (ट्रॅक्टरमागचा, साखळी अडकवायचा लोखंडी दांडा) तिन्ही यायला हवेत. माझ्या बायकोने असं चित्रण केलं आणि ते संथ गतीने पाहताना मला माझाच ट्रॅक्टर पहिल्यांदा दिसला.

ट्रॅक्टर तोंड उचलतो

माझं पहिलं कारण हे होतं. मी ४,५०० पौंडांच्या गटात ओढतो आणि यात चालकाचं वजन धरलेलं असतं. मला धरून माझा एच ४,००० पौंड भरतो, म्हणजे ५०० पौंडांच्या लोखंडी पाट्या लावायला मोकळीक. मला वाटलं, पकड मागच्या टायरची, तर वजन मागेच हवं. सगळ्या पाट्या मागे, ॲक्सलच्या दोन फूट मागे लोंबत्या चौकटीवर लावल्या. दोनशे फुटांच्या आत पुढची चाकं वर आली, मी घाबरून थ्रॉटल सोडला, ट्रॅक्टर थांबला. मैदानावर मला वाटलं इंजिन कमी पडलं.

हिशोब करून पाहिला तेव्हा उलगडलं. तो इथे मांडतो, कारण हा एकदा समजला की अर्धी अडचण सुटते.

ओढताना पुढच्या चाकांवरून किती वजन उठतं? ओढीचा जोर गुणिले हुकाची जमिनीपासूनची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. बऱ्याच क्लबांत हूक जास्तीत जास्त २० इंच उंच ठेवता येतो. अंतर सोयीसाठी ९० इंच धरू. ओढ ३,३०० पौंडांवर पोचली की पुढून उठणारं वजन ३,३०० × २० ÷ ९०, म्हणजे सुमारे ७३० पौंड. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर पाट्यांशिवाय जेमतेम ९०० पौंड येतात. त्यात मी ५०० पौंड ॲक्सलच्या दोन फूट मागे टांगले. त्या तरफेने पुढचे आणखी १३० पौंड उचलले. राहिले ७७०. त्यातून ७३० वजा करा. चाळीस पौंडांवर पुढची चाकं जमिनीला टेकून होती, आणि मातीत एक उंचवटा आला की गेलीच वर.

ऊसपट्ट्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. कोल्हापूर-सांगलीकडे दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढावर तोंड उचललेला ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिलाय. तिथेही गणित हेच, फक्त ट्रॉलीचं वजन हुकावर दाब देतं त्याची भर.

मग सगळं पुढे लावलं, आणि टायर स्लिप मारायला लागला

घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. पुढच्या शनिवारी मी पाचशेच्या पाचशे पौंड पुढे, पुढच्या ॲक्सलच्या अडीच फूट पुढच्या चौकटीवर टाकले. ट्रॅक्टर सरळ गेला, तोंड जमिनीला चिकटलेलं, अगदी सुरक्षित वाटलं. आणि १९५ फुटांवर मागची चाकं जागच्या जागी फिरत खड्डा खोदू लागली.

आता मागच्या टायरच्या बाजूने हिशोब. ओल्या, दाबून घट्ट केलेल्या चिकणमातीवर टायर आपल्यावरच्या वजनाच्या पाऊणपट ओढू शकतो असं धरू. पुढे टांगलेल्या ५०० पौंडांनी पुढच्या चाकांवर ६७० चा भार टाकला आणि मागचे १७० पौंड उचलून घेतले. मागे उभ्या स्थितीत राहिले सुमारे २,९३०. ओढताना पुढून मागे येणारं वजन मिळवलं तरी ओढ २,६४० पौंडांपलीकडे जाईना, कारण तेवढ्यात टायर सुटतो. त्या क्षणी पुढच्या चाकांवर तब्बल ९८० पौंड नुसते बसलेले होते. ४,५०० पैकी ९८० पौंड मी स्पर्धेत ओझं म्हणून वाहून नेत होतो. सगळं वजन मागच्या टायरवर आलं असतं तर याच मातीवर ३,३७५ पौंड ओढता आले असते.

तर गंमत यातच आहे : ओढ सगळ्यात जास्त असते तेव्हा पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटलेली हवीत. दोन-चार इंच. त्यापेक्षा वर गेली की सुकाणू हाती राहत नाही, आणि खाली चिकटून राहिली तर वजन वाया जातं. माझ्यासाठी जुळलेली मांडणी अशी : ४५० पौंड मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, चाकांना लावून, आणि ५० पौंडांची एकच पाटी पुढे. मागे लोंबणारी चौकट काढून टाकली. तुमच्या ट्रॅक्टरला हे आकडे लागू पडणार नाहीत, पण पद्धत पडेल. धान्य तोलायच्या काट्यावर ट्रॅक्टर न्या, आधी पुढची चाकं काट्यावर घ्या, मग मागची, तुम्ही सीटवर बसलेले. हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय पाटी हलवू नका. आणि हलवाल तेव्हा एका वेळी पन्नास पौंडच.

हुकाची उंची कमी करून तोंड खाली ठेवायचा सल्लाही मिळेल. मी तो मानत नाही. नियम देतो तेवढी पूर्ण उंची घ्या. हूक वर असला की साखळी स्लेडकडे खाली उतरत जाते आणि स्लेडच्या वजनाचा थोडा भाग तुमच्या मागच्या टायरवर येतो. गटाच्या मर्यादेबाहेरचं, तुम्हाला फुकट मिळणारं वजन एवढंच. तोंड उचलत असेल तर पाट्या सरकवा, उंची सोडू नका. मात्र काही जण उंची मिळवायला साखळी ड्रॉबार सोडून वर, ॲक्सलच्या आवरणाला किंवा अवजारं जोडायच्या वरच्या दांड्याला बांधून सराव करतात. ते कधीही करू नका, शेतातही नाही. तसा ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदही लागत नाही, आणि आपल्याला काही कळून क्लच दाबेपर्यंत त्यातला अर्धा वेळ गेलेला असतो. या ट्रॅक्टरांना डोक्यावर संरक्षक चौकटही नसते.

टायरची हवा

टायरमध्ये पाणी भरायची आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही. इथले जुने शेतकरी थंडीत गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरत. जुना ट्रॅक्टर घेतलात तर ते आत असण्याची शक्यता मोठी, आणि ते रिम खातं. काढून टाका. तेवढंच वजन पाट्यांनी लावलं तर हवं तिथे सरकवता येतं, आणि टायर मऊ राहून मातीवर पसरतो.

हवा कमी केली की मातीला टेकणारा भाग लांबतो, पकड वाढते. पण फार कमी केली तर रिम आत फिरते आणि टायर मागे राहतो, ट्यूबचा व्हॉल्व उपटून येतो. त्यासाठी सोपी युक्ती : रिमपासून टायरपर्यंत खडूने एक सरळ रेघ मारा. ओढ झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर हवेचा दाब एक-दोन पीएसआय वाढवा. हवा बदललीत की हुकाची उंची पुन्हा मोजा, कारण टायर बसला की हूकही खाली येतो. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही टायरचा घेर फितीने मोजा. एक जुना आणि एक नवा टायर असेल तर सरळ जाणं कठीणच.

वजन जुळलं, आणि आता इंजिन दबतंय

पाट्या जुळल्यावर मी खूश होतो. चाक स्लिप मारेना, तोंड अलगद उचललेलं, आणि १९० फुटांवर इंजिन ढक-ढक करत बंद. याआधी, कारण माहीत नसतानाच, मी मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र) एका दुकानात दुरुस्तीला देऊन बरेच डॉलर घालवले होते. ठिणगी आधीही चांगली होती, नंतरही चांगली होती. तो खर्च तुम्ही वाचवा.

इंजिन खोलण्याआधी गिअर तपासा. नेब्रास्का राज्यात १९१९ च्या कायद्याने विकायला येणाऱ्या ट्रॅक्टरची विद्यापीठाकडून चाचणी घेणं सुरू झालं, आणि त्या चाचण्यांचे आकडे आजही आपल्या उपयोगी पडतात. पेट्रोलवरचा फार्मॉल एच १९३९ च्या चाचणीत ड्रॉबारवर साधारण २४ अश्वशक्ती देत होता. सूत्र लक्षात ठेवा : अश्वशक्ती गुणिले ३७५, भागिले ताशी मैल, म्हणजे ओढीचे पौंड. एचचा दुसरा गिअर ताशी साडेतीन मैलांचा. २४ × ३७५ ÷ ३.५, म्हणजे २,५७० पौंड. पहिला गिअर २⅝ मैलांचा, त्यात ३,४३० पौंड.

आता वरचा आकडा आठवा. माझे टायर ३,३०० पौंड धरू शकत होते आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये २,५७० वर इंजिनाचा गळा दाबत होतो. कारण काय, तर शेजारचा माणूस दुसऱ्यात ओढतो. त्याच्या एचचे सिलिंडर मोठे करून जास्त दाबाचे पिस्टन बसवलेले आहेत. माझं इंजिन कारखान्यातून निघालं तसंच आहे. पहिल्या गिअरमध्ये टाकल्याबरोबर पंचवीस फूट वाढले.

गिअर बरोबर असूनही इंजिन दबत असेल तर मी पेट्रोलपासून सुरू करतो. एचमध्ये पंप नाही, टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. रिकामं फिरताना थोडं पेट्रोल पुरतं, म्हणून अंगणात इंजिन निरोगी वाटतं. पूर्ण भाराखाली कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होत जाते आणि पंधरा-वीस सेकंदांनी इंजिन उपाशी पडतं, तेही नेमकं दोनशे फुटांजवळ. कार्ब्युरेटरच्या तळाचा बूच काढा, खाली डबा धरा, तीन-चार मिनिटं पाहा. अर्थात इंजिन गार असताना आणि आजूबाजूला आग नसताना. धार आधी जाड आणि मग बारीक होत गेली तर टाकीखालची काचेची वाटी, कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कोपराशी असलेली बारीक जाळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, या तिन्ही जागा साफ करा. जाळी आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. झाकणाचं भोक बुजलंय का हे कळायला झाकण सैल करून तीच चाचणी पुन्हा घ्या.

धार ठीक असेल तर पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क. एचवरच्या मूळ एच-४ मॅग्नेटोला ०.०१३ इंच अंतर लागतं. बॅटरीवरचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल तर ०.०२०. लोक एकाचं माप दुसऱ्याला लावतात आणि मग भाराखाली ठिणगी अडखळते. त्यानंतर गव्हर्नरचे (इंजिनचा वेग राखणाऱ्या यंत्रणेचे) सांधे : थ्रॉटल पूर्ण ओढल्यावर कार्ब्युरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते का ते इंजिन बंद असताना डोळ्यांनी पाहा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, शेवटी. तिथे एकूण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं.

क्लचबद्दल एवढंच : इंजिनचा वेग कायम किंवा वाढता, चाकं मात्र मंदावली आणि जळका वास आला, तर क्लच घसरतोय. पेडलला इंचभर मोकळी चाल आहे का पाहा. ती नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो.

पहिले दहा फूट

हे शेवटच्या फुटांशी जोडलेलं आहे, म्हणून लिहितो. हिरवा झेंडा पडला की झटका देऊन निघायचा मोह होतो. झटक्याने टायर पहिल्याच फुटात माती फोडतो, ट्रॅक्टर उड्या मारू लागतो, आणि ती उडी पुढे तोंड उचलण्यात वाढत जाते. कमी वेगावर साखळी पूर्ण ताणून घ्या, क्लच सोडून द्या, मग थ्रॉटल एका सलग हालचालीत पुढे न्या. तुमच्या आधीच्या ट्रॅक्टरांनी कुठली माती उकरलीय तेही पाहून ठेवा. मैदानाची पांढरी रेघ ओलांडली तर बाद, पण दोन रेघांमध्ये जागा भरपूर असते, आणि न फुटलेली ओलसर पट्टी सापडली तर दहा फूट सहज मिळतात. मी आता माझ्या आधीच्या चौघांना उभं राहून बघतो.

ज्याशिवाय ओढूच नये

मागे उलटू नये म्हणून लावायचे दोन दांडे, त्यांच्या टोकाला रुंद पाट्या. ते दिसायला असून चालत नाही. ट्रॅक्टरचं सगळं वजन त्यांच्यावर आलं तरी वाकता कामा नयेत. माझे मी खाली जॅक लावून, ट्रॅक्टर त्यांच्यावर उचलून तपासले. एक वेल्ड सुटला. तो अंगणात सुटला म्हणून बरं.

आणि मागे बांधलेला इंजिन बंद करायचा स्विच. साखळी तुटली किंवा हूक सुटला तर त्याची कडी ओढली जाऊन इंजिन बंद पडायला हवं. इथे नवख्यांची एक चूक मी तीन वेळा पाहिली आहे. बॅटरीवरच्या इंजिनाला तार तोडणारा स्विच लागतो. मॅग्नेटोला उलटा : तो मॅग्नेटोची तार ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जोडून ठिणगी विझवतो. मॅग्नेटोवर तार तोडणारा स्विच लावला तर कडी ओढली तरी इंजिन चालूच राहतं. म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी ट्रॅक्टर उभा आणि इंजिन मंद चालू ठेवून कुणाला तरी मागून कडी ओढायला सांगा. माझी सात वर्षांची मुलगी हे काम करते, आणि इंजिन गप्प झालं की टाळी वाजवते.

ऑगस्टमधल्या शेवटच्या ओढीत माझा एच २४८ फूट गेला. चित्रणात पुढची चाकं तीन-चार इंच वर, मागचा टायर घट्ट, खडूची रेघ अखंड, आणि इंजिन हळूहळू दबत बंद. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी आहे. या हिवाळ्यात हेड काढून झडपा घासायच्या आहेत.